विमान उडतं सहीवर! शिरूर-दौंडकरांसाठी हवाई दलाच्या हँगरमधल्या १८ भन्नाट गोष्टी

शिरूरच्या एसटी स्टँडवर उभं राहा किंवा दौंडच्या पुलावर. कधीतरी डोक्यावरून ढगांचा गडगडाट जातो आणि आभाळ मात्र निरभ्र असतं. लहान पोरं ओरडतात, "सुखोई, सुखोई!" ही विमानं पुण्याच्या लोहगाव तळावरची. पुण्याहून शिरूर सुमारे ७० किलोमीटर. वाघोलीची गर्दी पार करत ही वाट कापायला आपले दोन तास सहज जातात. ताशी ९०० किलोमीटरने निघालेलं लढाऊ विमान तीच वाट पाच मिनिटांच्या आत कापतं.

वैमानिकाचं कौतुक आपण मनापासून करतो आणि करायलाच हवं. पण ते विमान उडण्याआधी तासन् तास त्याच्या पोटाखाली, पंखांवर आणि चाकांपाशी राबलेली माणसं आपल्याला दिसत नाहीत. हे हवाई दलाचे तंत्रज्ञ. त्यांचं जग शिरूर-दौंडच्या माणसाला वाटतं तितकं परकं नाही. बघाच!

१. घोडनदीचे नालबंद

शिरूरचं जुनं नाव घोडनदी. इंग्रजी अमदानीत इथे छावणी होती आणि १८१७ साली उभ्या राहिलेल्या 'पूना हॉर्स' या घोडदळाचा तळ बराच काळ इथेच होता. घोडदळात स्वार जितका महत्त्वाचा, तितकाच नालबंद. एक नाल सैल राहिला तर घोडा लंगडतो आणि लंगड्या घोड्यावरचा स्वार लढाईत मागे पडतो. पुढे पूना हॉर्सचे घोडे गेले आणि रणगाडे आले. घोडा तपासल्याशिवाय स्वाराला वर चढू द्यायचं नाही, ही शिस्त मात्र रणगाड्यांत आली आणि विमानांतही आली.

२. दौंडचं इंजिन आणि विमानाचा 'टर्न-राउंड'

दौंडकरांना हे चटकन समजेल. मनमाडकडून येऊन पुण्याला जाणाऱ्या गाडीचं इंजिन दौंडला काढून दुसऱ्या टोकाला लावायची पद्धत वर्षानुवर्षं चालली. आता कॉर्ड लाइनमुळे काही गाड्यांचा तो वेळ वाचतो. गाडी थांबली की तिकडे चाकं, ब्रेक आणि जोडण्या तपासल्या जातात, इकडे प्रवासी चहा पितात. लढाऊ विमानाचं हुबेहूब असंच असतं. दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी 'फर्स्ट फ्लाइट सर्व्हिसिंग', दोन उड्डाणांच्या मधे 'टर्न-राउंड सर्व्हिसिंग' आणि दिवस संपताना 'लास्ट फ्लाइट सर्व्हिसिंग'. विमान उतरलं की तंत्रज्ञ तुटून पडतात. इंधन, तेल, टायर, ब्रेक, गळती, शस्त्रं असं सगळं ठरलेल्या क्रमाने तपासलं जातं. वैमानिक बदलला तरी हा क्रम बदलत नाही.

३. सहा अधिकारी, एकोणीस हवाई सिपाही

भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची. पहिली तुकडी उभी राहिली १ एप्रिल १९३३ रोजी, कराचीच्या ड्रिग रोड तळावर. माणसं किती? इंग्लंडमध्ये शिकून आलेले सहा अधिकारी आणि १९ 'हवाई सिपाही'. विमानं फक्त चार, वेस्टलँड वापिटी जातीची. विमानाची देखभाल करणाऱ्यांचं पहिलं अधिकृत नाव हेच, हवाई सिपाही! म्हणजे तंत्रज्ञ नंतर येऊन मिळालेले नाहीत. पहिल्या तुकडीच्या जन्मदिवशीच ते हजर होते आणि संख्येने अधिकाऱ्यांच्या तिप्पट होते.

४. सिपाही ते एअर व्हाइस मार्शल

त्या पहिल्या हवाई सिपायांत हरजिंदर सिंग नावाचा एक तरुण होता. लाहोरच्या मॅक्लेगन कॉलेजचा इंजिनिअर असूनही तो साधा सिपाही म्हणून भरती झाला, कारण त्याला विमानांत हात घालायचे होते. १९४२ साली ब्रह्मदेशच्या आघाडीवर त्यांच्या स्क्वाड्रनकडे लायसँडर विमानं होती. खरं तर ही टेहळणी करणारी आणि सैन्याशी संपर्क ठेवणारी विमानं. तंत्रज्ञांनी तिथल्या तिथे जोडणी करून त्यांवर २५० पौंडांचे बॉम्ब लावायची सोय केली आणि टेहळ्याचा हल्लेखोर झाला. हेच हरजिंदर सिंग पुढे एअर व्हाइस मार्शल झाले आणि हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे प्रमुखही. तळातून निघून शिखरावर पोचलेला हा माणूस आजही प्रत्येक फिटरचा आदर्श आहे.

५. भंगारातून उठलेले बॉम्बर

दुसरं महायुद्ध संपल्यावर कानपूरला लिबरेटर जातीची अवाढव्य बॉम्बर विमानं टाकून दिलेली होती. पुन्हा कुणाला वापरता येऊ नयेत म्हणून त्यांची मोडतोडही केलेली. स्वतंत्र भारताकडे जड बॉम्बर नव्हते आणि विकत घ्यायला पैसाही नव्हता. मग हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी त्या सांगाड्यांना हात घातला. एकाचा भाग दुसऱ्याला लावत त्यांनी विमानं उडण्याजोगी केली आणि ती कानपूरहून बंगळूरला उडवत नेऊन पूर्ण दुरुस्त केली. अशी चाळीसच्या आसपास विमानं उभी राहिली. १९६८ पर्यंत ती हवाई दलाच्या सेवेत होती!

६. एफ-७०० : या वहीशिवाय पान हलत नाही

प्रत्येक लष्करी विमानाची एक नोंदवही असते, 'फॉर्म ७००'. कोणता भाग कधी बदलला, कोणती तक्रार आली, ती कुणी दूर केली, इंधन किती भरलं, सगळं तिच्यात. प्रत्येक कामाखाली ते करणाऱ्याची सही आणि महत्त्वाच्या कामावर तपासणाऱ्या दुसऱ्या माणसाचीही सही. शेवटी वैमानिक ती वही वाचतो, सही करतो आणि मगच शिडी चढतो. ती सही म्हणजे, "तुम्ही सांगितलंत, मी विश्वास ठेवला." विशी-बाविशीतल्या पोराने किंवा पोरीने केलेल्या सहीवर दोन जीव आणि कोट्यवधींचं विमान आभाळात जातं. एवढ्या वजनाची सही फार थोड्या नोकऱ्यांत करायला मिळते.

७. एक पाना हरवला तर?

रांजणगाव एमआयडीसीत काम केलेल्यांनी असे फळे पाहिले असतील. प्रत्येक पान्याच्या आकाराची छाया फळ्यावर रंगवलेली असते आणि पाना उचलला की जागा रिकामी दिसते. हँगरमध्ये हाच फळा जीवनमरणाचा आहे. काम संपलं की हत्यारं मोजायची. एखादा स्क्रू-ड्रायव्हर कमी भरला तर तो सापडेपर्यंत विमान जागचं हलत नाही. कॉकपिटमागे किंवा नियंत्रणाच्या दांड्यांमधे अडकलेलं एक हत्यार वैमानिकाचे हात बांधू शकतं. म्हणून हत्यार हरवल्याचं लपवणं हा इथला मोठा गुन्हा आणि लगेच सांगणं हा मोठा गुण.

८. धावपट्टीवरची वेचणी

आपल्याकडे बायका तांदूळ निवडतात, तसं हवाई तळावर माणसं जमीन निवडतात! रांगेत उभं राहून, मान खाली घालून, पावलापावलाने चालत खडा, खिळा, तारेचा तुकडा, कापडाची चिंधी, जे दिसेल ते वेचायचं. जेट इंजिन समोरची हवा प्रचंड जोराने आत ओढतं. तिच्याबरोबर खडा आत गेला तर वेगाने फिरणारी पाती मोडतात आणि एक पातं तुटलं की पुढची पाती त्याच्या मारात सापडतात. याला 'एफओडी' म्हणतात, म्हणजे बाहेरच्या वस्तूने झालेलं नुकसान. म्हणूनच तंत्रज्ञ अंगठ्या काढून ठेवतात आणि खिसे रिकामे करूनच विमानाजवळ जातात.

९. सुखोईच्या तोंडाला चाळणी

सुखोई बनवणाऱ्यांनीही खड्यांची धास्ती घेतली होती. सुखोई-३० च्या हवा घेणाऱ्या तोंडांत धातूची जाळी बसवलेली असते. इंजिन सुरू होताना आणि धावपट्टीवर पळताना ती वर येऊन वाट अडवते आणि चाकं पोटात गेली की बाजूला होते. मिग-२९ ची युक्ती आणखी वेगळी. जमिनीवर असताना त्याची पुढची तोंडं झडपेने बंद होतात आणि इंजिन वरच्या बाजूच्या फटींतून श्वास घेतं. चिखलातून चालताना धोतर वर खोचावं, तसं!

१०. तारेची अक्कल

ट्रॅक्टरचा नट थरथरीने सैल होतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. विमानात थरथर कितीतरी पटीने जास्त. त्यावर उपाय म्हणजे एक बारीक तार, 'लॉकिंग वायर'. ती दोन बोल्टांच्या भोकांतून ओवून पिळतात आणि दिशा अशी धरतात की एक बोल्ट सैल होऊ लागला तर तारेचा ताण त्याला पुन्हा घट्ट होण्याच्या बाजूला ओढतो. नव्या पोराची पहिली परीक्षा बऱ्याचदा ही तार पिळण्यातच होते. पीळ कमी झाला तर तार ढिली राहते, जास्त झाला तर तुटते.

११. इंजिनाची रक्ततपासणी आणि दुर्बीण

डॉक्टर रक्त तपासतात, हवाई दलात इंजिनाचं तेल तपासतात. तेलाच्या नमुन्यात लोखंड, तांबं यांसारख्या धातूंचे किती सूक्ष्म कण आहेत ते यंत्रावर पाहतात. कोणता धातू वाढला यावरून आतला कोणता भाग झिजतोय याचा अंदाज बांधता येतो, इंजिन न उघडता! आणखी खोलात जायचं तर 'बोरस्कोप' आहे. बारीक नळीच्या टोकाला कॅमेरा लावून तो इंजिनाच्या पोटात सोडतात आणि एकेक पातं पडद्यावर न्याहाळतात. दवाखान्यातल्या एंडोस्कोपीची ही सख्खी बहीण.

१२. टायरमध्ये साधी हवा चालत नाही

विमानाच्या टायरमध्ये नायट्रोजन भरतात. साध्या हवेत ओलावा असतो आणि वर थंडीत तो गोठतो. शिवाय हवेतला ऑक्सिजन आगीला साथ देतो. विमान उतरताना ब्रेक लालबुंद तापतात, तिथे ती साथ परवडणारी नाही. नायट्रोजन कोरडा आणि शांत स्वभावाचा. तशीच काळजी इंधन भरतानाची. आधी विमानाला अर्थिंगची तार जोडायची आणि मगच नळी लावायची. वाहत्या इंधनाने स्थिर वीज साठते आणि एक ठिणगी पुरेशी असते. सुखोईच्या पोटात नऊ टनांहून जास्त इंधन मावतं, हे लक्षात घेतलं की त्या साध्या तारेची किंमत कळते.

१३. सगळ्यात जपून हाताळायची खुर्ची

लढाऊ विमानातली वैमानिकाची खुर्ची स्फोटकांवर बसवलेली असते. सुखोईतली के-३६ खुर्ची विमान जमिनीवर उभं असतानाही, म्हणजे शून्य उंची आणि शून्य वेग असताना, वैमानिकाला बाहेर फेकून पॅराशूट उघडून देऊ शकते. म्हणूनच कॉकपिटमध्ये शिरणारा तंत्रज्ञ आधी सुरक्षेच्या पिना जागेवर आहेत ना ते पाहतो. लाल फिती लावलेल्या या पिना उड्डाणाआधी काढून मोजल्या जातात. खुर्चीतल्या स्फोटक काडतुसांना ठरलेलं आयुष्य असतं आणि ते संपण्याआधी ती बदलावीच लागतात. वापर झाला नाही म्हणून चालवून घेऊ, असं इथे कुणी म्हणत नाही.

१४. ओव्हरहॉलिंग : पाटस-न्हावऱ्याला ओळखीचा शब्द

साखरपट्ट्यात 'ओव्हरहॉलिंग' हा शब्द पोरासोरांनाही ठाऊक. गळीत हंगाम संपला की पाटसच्या भीमा किंवा न्हावऱ्याच्या घोडगंगा कारखान्यासारख्या ठिकाणी मिलचे रोलर खोलायचे, बेअरिंगं तपासायची, झिजलेलं बदलायचं आणि दसऱ्याच्या सुमारास बॉयलर पेटवायची तयारी करायची. विमानांचंही तसंच. ठरावीक तास उडलं किंवा ठरावीक वर्षं झाली की विमान पूर्ण सुटं होतं. लढाऊ विमानांचा हा मोठा कारखाना आपल्याच राज्यात आहे, नाशिकजवळ ओझरला, हवाई दलाचा '११ बेस रिपेअर डेपो'. इथे मिग विमानं खोलली आणि जोडली गेली आणि २०१८ साली इथे ओव्हरहॉल झालेलं पहिलं सुखोई-३० पुन्हा सेवेत गेलं. शेजारीच हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा १९६४ साली सुरू झालेला कारखाना आहे. देशातली २०० हून अधिक सुखोई तिथेच जुळली. त्यांची इंजिनं ओडिशातल्या कोरापुटहून येतात.

१५. दोन राष्ट्रपती, एक तळ, एकच वय

लोहगावचा तळ १९३९ सालचा. सुखोईचं भारतातलं पहिलं घर हेच. १९९७ साली सुखोई-३० इथेच दाखल झालं आणि २००२ साली सुखोई-३० एमकेआयसुद्धा इथेच. ८ जून २००६ रोजी राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम लोहगावहून सुखोईतून उडाले. २५ नोव्हेंबर २००९ रोजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील उडाल्या, त्याही लोहगावहूनच. गंमत अशी की, त्या-त्या दिवशी दोघांचंही वय होतं ७४! त्या दोन सकाळी विमान तयार करणाऱ्या तंत्रज्ञांची नावं वर्तमानपत्रांत आली नाहीत. पण दोन्ही वेळा देशाचा प्रथम नागरिक त्यांच्याच सह्यांवर विसंबून शिडी चढला.

१६. देखभालीची राजधानी नागपूर

देशभरातल्या विमानांची, रडारांची आणि क्षेपणास्त्रांची मोठी दुरुस्ती आणि सुट्या भागांचा साठा पाहणाऱ्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय नागपूरच्या वायुसेनानगरात आहे. एकीकडे नागपूर, एकीकडे ओझर, एकीकडे लोहगाव. पाना हातात धरलेल्या हवाई दलाचा नकाशा काढला तर त्याचा मोठा हिस्सा महाराष्ट्रातच येतो.

१७. वाट सांब्र्यावरून जाते

कुठल्याही राज्यातला एअरमन असो, त्याची पहिली कवायत बहुधा बेळगावजवळच्या सांब्र्याच्या एअरमेन ट्रेनिंग स्कूलमध्येच होते. पहाटेची दौड, बूट चमकवणं, रांगेत चालणं, सगळं तिथे. नंतर कामानुसार पुढचं शिक्षण. यांत्रिकी कामासाठी चेन्नईजवळचं तांबरम, तर इलेक्ट्रॉनिक्ससाठी बंगळूरचं जालहळ्ळी. जुन्या पद्धतीत भरती झालेला पोरगा पायऱ्या चढत कॉर्पोरल, सार्जंट, ज्युनियर वॉरंट ऑफिसर, वॉरंट ऑफिसर आणि मास्टर वॉरंट ऑफिसर होतो.

२०२२ पासून भरती 'अग्निवीर वायु' म्हणून होते. मुदत चार वर्षांची आणि त्यांतल्या २५ टक्क्यांपर्यंत तरुणांना पुढे कायम घेतलं जातं. विज्ञान शाखेतून जायचं तर बारावीला गणित, भौतिकशास्त्र आणि इंग्रजी हवं. इंजिनिअरिंगच्या ठरावीक शाखांचा तीन वर्षांचा डिप्लोमाही चालतो. मुलींनाही ही वाट खुली आहे. २०१९ साली फ्लाइट लेफ्टनंट हिना जैस्वाल हवाई दलातल्या पहिल्या महिला फ्लाइट इंजिनिअर झाल्या. आयटीआयवाल्यांनी ओझरकडे लक्ष ठेवावं. तिथल्या डेपोत फिटर, इलेक्ट्रिशियनसारख्या कामांसाठी अ‍ॅप्रेंटिस घेतले जातात. आपल्या तालुक्यातल्या मुलांना नोकरीच्या जाहिराती सापडतात, पण कामाची गोडी सांगणारं कुणी भेटत नाही. म्हणून हा मजकूर एखाद्या बारावीच्या मुलाला किंवा मुलीला जरूर वाचायला द्या.

१८. आपल्या हातातली देखभाल

तंत्रज्ञ कितीही दक्ष असला तरी आभाळातल्या घारीला तो अडवू शकत नाही. कचरा उघड्यावर पडला की घारी, कावळे आणि बगळे येतात आणि वेगातल्या विमानाला धडकलेला एक पक्षी इंजिन बंद पाडू शकतो. १९३७ च्या विमान नियमांतला ९१ वा नियम सांगतो की विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकायचा नाही आणि जनावरं कापायची नाहीत. नगर रस्त्याने किंवा सोलापूर रस्त्याने पुण्याला जाताना खिडकीतून पिशवी भिरकावण्याआधी हे आठवावं. ती पिशवी आपण टाकली नाही, तर त्या विमानाची थोडी देखभाल आपणही केली असं समजा.

हँगरची बोली, चार शब्दांत

*स्नॅग* – विमानातला बिघाड. "आज स्नॅग नाही" हे ऐकलं की सगळ्यांचे चेहरे फुलतात.
*चॉक* – विमान सरकू नये म्हणून चाकाला लावायची उटी. बैलगाडीला लावतो तीच कल्पना.
*ब्लँक* – हवेच्या तोंडावर बसवायचं लाल झाकण, आत पाखरू किंवा धूळ जाऊ नये म्हणून.
*टारमॅक* – विमानं उभी राहतात ती डांबरी किंवा सिमेंटची जागा. मे महिन्यात इथे उभं राहणं म्हणजे तव्यावर उभं राहणं.

आणि दिवस मावळताना…

खंडेनवमीला आपण घरातली अवजारं पुसून, हळदकुंकू वाहून पुजतो. नांगर, विळा, पाना, शिलाई मशीन, सगळ्यांचे आभार त्या एका दिवशी मानतो. हवाई तळावर रोज संध्याकाळी थोडं तसंच घडतं. शेवटचं विमान उतरतं. इंजिनाची शीळ बारीक होत थांबते. कुणी चाकांना चॉक लावतं, कुणी तापल्या ब्रेकवर नजर ठेवतं, कुणी लाल झाकणं बसवतं, कुणी खुर्चीच्या पिना मोजून जागेवर घालतं. हत्यारं फळ्यावर परततात आणि एकही छाया रिकामी राहत नाही.

त्याच सुमारास दौंडच्या फलाटावर गाडी शिट्टी देते आणि शिरूरच्या स्टँडवर शेवटच्या एसटीसाठी गर्दी होते. कुणाचा तरी मुलगा, कुणाची तरी लेक तिकडे हात पुसून वही उघडते, तारीख आणि वेळ लिहिते आणि एफ-७०० वर दिवसाची शेवटची सही करते. उद्या सकाळी आपल्या डोक्यावरून जाणारा गडगडाट त्या सहीपासूनच सुरू झालेला असेल.